पैनगंगा आणि नीस्टर

१९४७ च्या ऑगस्टनंतर कळमनुरीच्या माणसाला पुसदला किंवा उमरखेडला जायचं म्हणजे नुसती पैनगंगा ओलांडायची नव्हती, राज्य बदलायचं होतं. नदी एक, दोन्ही काठांची भाषा एक, सोयरीक इकडची तिकडे. पण दक्षिण काठावर निजामाचा अंमल आणि उत्तर काठावर तिरंगा. वऱ्हाडातले लोक दक्षिण काठाला ‘मोगलाई’ म्हणत. मोगलाईत माल न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात, बाजारहाटाला हाली शिक्का (शंभर कलदार रुपयांना ११६ हाली आणि वर काही आणे) आणि सरकारी कचेरीत कारभार उर्दूतून. हिंगोली, कळमनुरी आणि वसमत हे भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. स्वतंत्र हिंगोली जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला.

गंमत अशी, की कागदोपत्री उत्तर काठही निजामाचाच होता. निजामाच्या नावानं इंग्रजांनी ठेवलेल्या कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी इंग्रजांनी १८५३ मध्ये वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. त्याच फौजेची एक छावणी हिंगोलीत होती. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं लिहून घेतला, मोबदला ठरला वर्षाला २५ लाख रुपये. १९३६ च्या करारात निजामाच्या समाधानासाठी त्याच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. मुलूख इंग्रजांकडे, पदवी निजामाकडे. १९४७ मध्ये इंग्रज जायला निघाले तेव्हा हैदराबादच्या दरबारानं वऱ्हाड परत मागितला.

वरची सत्ता निघून गेली की तिच्या हाताखालचा मुलूख कोणाचा, हा प्रश्न म्हणूनच हिंगोलीच्या माणसाला पुस्तकात शोधायची गरज नव्हती. १२ जून १९४७ च्या सुमाराला निजाम मीर उस्मान अली खान याचं फर्मान निघालं. हैदराबाद भारतात जाणार नाही, पाकिस्तानातही जाणार नाही. इंग्रज गेले की ते स्वतंत्र होईल. १९४१ च्या शिरगणतीनुसार संस्थानची वस्ती १ कोटी ६३ लाख होती. क्षेत्रफळ ८२ हजार चौरस मैलांहून थोडं जास्त. स्वतःचं नाणं, स्वतःचं टपाल, स्वतःची रेल्वे, स्वतःची फौज. फक्त समुद्र नव्हता आणि चहूबाजूंना भारत होता.

अशीच एक मोठी सत्ता डिसेंबर १९९१ मध्ये मोडली. सोव्हिएत संघाची १५ घटक प्रजासत्ताकं जगानं आहे त्या सीमांनिशी देश म्हणून मान्य केली. त्या पंधरांच्या पोटात जे लहान लहान प्रदेश होते, त्यातल्या काहींना सोव्हिएत काळात स्वायत्ततेचा दर्जा होता, काहींना तोही नव्हता. त्यांना कोणी विचारलं नाही. जॉर्जियात अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया, अझरबैजानात आर्मेनियन वस्तीचा नागोर्नो-काराबाख, मोल्दोवात नीस्टर नदीपलीकडचा चिंचोळा पट्टा ट्रान्सनिस्ट्रिया आणि दक्षिणेकडचे तुर्की भाषक गागाउझ, खुद्द रशियात तातारस्तान आणि चेचन्या. या भांडणांवर गेली ३०-३५ वर्षं मध्यस्थांच्या फौजा काम करताहेत. त्यांनी जे केलं, जे त्यांना जमलं नाही, ते हैदराबादशेजारी ठेवून पाहिलं की दोन्हीकडचं बरंच उलगडतं.

एक फरक आधीच नोंदवायला हवा. हैदराबादेत वेगळं होण्याची मागणी प्रजेची नव्हती, गादीची होती. प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी, सुमारे ८५ टक्के हिंदू. सत्ता, फौज आणि वरच्या नोकऱ्या मुख्यतः उर्दू बोलणाऱ्या मुसलमान उमरावांकडे. सोव्हिएत पसाऱ्यात याच्या जवळ येईल असं एकच उदाहरण सापडतं, ते म्हणजे अबखाझिया. १९८९ च्या जनगणनेत तिथे अबखाझ लोक १८ टक्क्यांच्या आसपास होते आणि जॉर्जियन सुमारे ४६ टक्के. तरी युद्ध अबखाझांनी जिंकलं, कारण मागे रशियाची पाठराखण होती. जॉर्जियन वस्तीतले दोन लाखांहून अधिक लोक १९९३ मध्ये घरदार सोडून निघाले. बहुतेकांना आजवर परतता आलेलं नाही. निजामाच्या मागे असं कोणी उभं राहिलं असतं तर पैनगंगेच्या काठी काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही.

आता मध्यस्थीकडे येऊ. निजामानं आपल्या बाजूनं सर वॉल्टर मॉन्क्टन हा इंग्रज वकील नेमला होता. आठव्या एडवर्डच्या राज्यत्यागाच्या वेळी, १९३६ मध्ये, राजाचा सल्लागार म्हणून नाव कमावलेला हा माणूस. समोर भारताच्या संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन, त्यांच्यामागे सरदार पटेल. आणि मधे कोण? गव्हर्नर जनरल लॉर्ड माउंटबॅटन. मॉन्क्टन आणि माउंटबॅटन जुने स्नेही. बोलणी सुरळीत चालायला ही ओळख फार उपयोगी पडली. पण माउंटबॅटन हे ज्या सरकारचे प्रमुख होते तेच सरकार भांडणातला एक पक्ष होतं. वादीच्या घरातलाच माणूस पंच, हे प्रतिवादीला कितपत पटणार? ट्रान्सनिस्ट्रियात पुढे असंच झालं. २१ जुलै १९९२ ला मॉस्कोत बोरिस येल्त्सिन आणि मोल्दोवाचे अध्यक्ष मिर्चा स्नेगुर यांनी युद्धबंदीच्या करारावर सह्या केल्या. शांतता राखायची जबाबदारी ज्या रशियाकडे गेली, त्याच रशियाचं १४ वं सैन्य नीस्टरच्या पूर्व काठी बसलेलं होतं आणि त्याच्याच बळावर फुटीर सत्ता टिकली होती.

तरी ऑक्टोबर १९४७ मध्ये हैदराबादचा मसुदा तयार झाला होता. निजामाच्या कार्यकारी मंडळानं तो मान्य केला, निजामानं सही तेवढी पुढे ढकलली. २७ ऑक्टोबरला पहाटे इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेच्या हजारो लोकांनी बोलणी करणाऱ्यांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळाला दिल्लीचं विमान पकडू द्यायचं नव्हतं. जमाव जमवणारा होता संघटनेचा पुढारी कासीम रझवी, लातूरचा वकील. पंतप्रधान छत्तारीचे नवाब यांनी राजीनामा दिला, मॉन्क्टनही बाजूला झाला. बोलणी करणारा मवाळ माणूस त्याच्याच बाजूच्या जहालांनी खाली खेचायचा, हे दृश्य काराबाखच्या इतिहासात जसंच्या तसं आहे. आर्मेनियाचे अध्यक्ष लेव्हॉन तेर-पेत्रोस्यान यांनी टप्प्याटप्प्यानं तोडगा काढायची तयारी दाखवली आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये त्यांना स्वतःच्याच मंत्र्यांच्या दबावाखाली पायउतार व्हावं लागलं.

नव्या शिष्टमंडळानं थोडी घासाघीस करून जवळपास तोच मजकूर स्वीकारला. २९ नोव्हेंबर १९४७ ला ‘जैसे थे’ करार झाला, मुदत एक वर्ष. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण या बाबतीत इंग्रजांच्या काळी जशी व्यवस्था होती तशीच भारताशी राहील, सामिलीकरणाचा प्रश्न नंतर पाहू. लवकरच मीर लायक अली पंतप्रधान झाले आणि जानेवारी १९४८ मध्ये भारताचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुन्शी हैदराबादेत येऊन बसले.

अशा कराराचं एक वैशिष्ट्य असतं. त्यानं भांडण मिटत नाही, वेळ मिळते, आणि ती वेळ प्रत्येक बाजू आपापल्या तयारीसाठी वापरते. हैदराबादनं पाकिस्तानला भारतीय रोख्यांच्या रूपात २० कोटी रुपयांचं कर्ज देऊ केलं, भारतीय चलनाच्या वापरावर निर्बंध आणले, आणि सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकामार्फत विमानानं हत्यारं आणायला सुरुवात केली. भारतानं बाहेरून येणाऱ्या मालाची अघोषित नाकेबंदी आवळली. दोन्हीकडून कराराचा भंग आणि दोन्हीकडून तक्रारींची पत्रं.

पैनगंगेच्या काठावर मात्र पत्रव्यवहाराला जागा नव्हती. स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ १५ ऑगस्टलाच तुरुंगात गेले होते. सत्याग्रहींनी सरहद्दीपलीकडे कॅम्प उघडले. हिंगोली-हदगाव पट्ट्यासाठी उमरखेडचा कॅम्प महत्त्वाचा होता. तिथून रात्री नदी उतरून यायचं, करोडगिरीची नाकी आणि पोलीस ठाणी उडवायची, शिंदीची झाडं तोडायची, पहाटेपर्यंत परत. दुसऱ्या बाजूनं रझाकार, म्हणजे रझवीचे सशस्त्र स्वयंसेवक, आणि भाडोत्री रोहिले गावं जाळत. ३० जानेवारी १९४८ ला, दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची सरकारी बँक कॅम्पवाल्यांनी लुटली आणि ती रक्कम लढ्याच्या खर्चाला गेली. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात मारले गेले. वसमतला त्यांच्या नावाची शाळा आहे. दिल्ली-हैदराबादच्या बंगल्यांत ‘जैसे थे’ चालू होतं आणि इथे रोज रात्री ते मोडत होतं.

गोठवलेल्या भांडणाची जी वर्णनं आज काराबाख किंवा ट्रान्सनिस्ट्रियाबद्दल वाचायला मिळतात, त्यात हा तपशील अनेकदा हरवतो. गोठलेलं असतं ते वरचं. काराबाखमध्ये मे १९९४ ला तोफा थांबल्या, तरी पुढली २६ वर्षं सीमेवरच्या खंदकांत शिपाई मरत राहिले. ट्रान्सनिस्ट्रियात शांतता खरोखरच टिकली, कारण तिथे दोन्ही बाजूंच्या बड्या लोकांना व्यापारातून मिळकत होती. या न मानलेल्या देशाचं स्वतःचं चलन आहे, नाकी आहेत, आणि ‘शेरीफ’ नावाची एक कंपनी आहे जी पेट्रोल पंपांपासून दुकानांपर्यंत सगळं चालवते. तिच्याच फुटबॉल संघानं सप्टेंबर २०२१ मध्ये रेआल माद्रिदला माद्रिदमध्ये २-१ नं हरवलं. नकाशावर नसलेल्या देशाचा संघ युरोपच्या मोठ्या स्पर्धेत खेळतो, तेही मोल्दोवाचा विजेता म्हणून! असं भांडण मिटावं असं कोणाला वाटणार?

परत हैदराबाद. जून १९४८ मध्ये शेवटचा मसुदा आला. माउंटबॅटन २१ जूनला भारत सोडून जाणार होते, त्याआधी प्रश्न सुटावा ही त्यांची धडपड. मसुद्यात निजामाला भरपूर दिलेलं होतं. तीन विषयांवर भारताशी सुसंगत कायदे करायचे, २० हजारांची फौज ठेवायची मुभा, रझाकारांना टप्प्याटप्प्यानं बंदी, जबाबदार राज्यपद्धती, आणि सामिलीकरणाचा निर्णय प्रौढ मतदानानं. आजारी पटेल तेव्हा डेहराडूनला होते. तिथे त्यांनी मोठ्या नाखुशीनं त्यावर संमतीची आद्याक्षरं केली. मुत्सद्द्यांच्या दृष्टीनं याहून उदार देणगी निजामाला पुढे मिळणार नव्हती. पण हैदराबादेतून चार दुरुस्त्या आल्या आणि जूनच्या मध्यावर मसुदा फेटाळला गेला. आतल्या चर्चांची हकिगत वाचली की लक्षात येतं, तोपर्यंत निजामाच्या हातात निर्णय फारसा उरलाच नव्हता. रझवीच्या माणसांना न विचारता सही करणं त्याला शक्य नव्हतं आणि विचारून सही होणं अशक्य होतं.

नोव्हेंबर २००३ मध्ये मोल्दोवात असाच एक मसुदा शेवटच्या रात्री कोसळला. व्लादिमिर पुतिन यांचे सहायक दिमित्री कोझाक यांनी ट्रान्सनिस्ट्रियाला मोल्दोवाच्या संघराज्यात मोठा नकाराधिकार देणारी योजना आखली. रशियन फौज दीर्घकाळ राहील अशी अट तीत होती. सहीसाठी पुतिन यांचं विमान निघायच्या बेतात होतं आणि मोल्दोवाचे अध्यक्ष व्लादिमिर वोरोनिन यांनी नकार कळवला. त्यानंतर २००५ पासून ‘पाच अधिक दोन’ नावाची बैठकांची मालिका चालली: मोल्दोवा, ट्रान्सनिस्ट्रिया, रशिया, युक्रेन आणि युरोपीय सुरक्षा संघटना हे पाच, युरोपीय संघ आणि अमेरिका हे दोन निरीक्षक. युक्रेनवर हल्ला झाल्यावर त्यातला एक मध्यस्थ दुसऱ्या मध्यस्थाशी युद्ध करू लागला.

निजामानं तिसरा दरवाजाही ठोठावला. २१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे गेली. परिषद पॅरिसमध्ये भरली, मोईन नवाज जंग यांचं शिष्टमंडळ तिथे पोचलं, आणि १६ सप्टेंबरला सुनावणी झाली. पण तीन दिवस आधीच, १३ सप्टेंबरच्या पहाटे, मेजर जनरल जयंतनाथ चौधुरींचं सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या रोखानं आत शिरलं होतं. इतर तुकड्या औरंगाबाद, विजयवाडा अशा दिशांनी. १७ तारखेला निजामानं युद्धबंदी जाहीर केली, १८ ला जनरल एल एद्रूस यांनी शरणागती दिली. निजामानं सुरक्षा परिषदेतली तक्रार मागे घेतली; पाकिस्तानच्या आग्रहानं मे १९४९ मध्ये विषय पुन्हा चर्चेला आला आणि ठरावाविनाच राहिला. मराठवाड्यात १७ सप्टेंबरला जो मुक्तिसंग्राम दिन होतो, तो या पाच दिवसांचा. सरकारी भाषेत त्याला ‘पोलिस ॲक्शन’ म्हणायचं ठरलं आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडीही तेच नाव बसलं.

पुढचा भाग ध्वजवंदनाच्या भाषणांत सहसा येत नाही. कारवाईनंतरच्या आठवड्यांत, विशेषतः मराठवाड्यात आणि कन्नड जिल्ह्यांत, मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाहणीला पाठवलं. १९४८ च्या अखेरीस ते जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले. त्यांच्या अंदाजानं २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडला. अहवाल अनेक दशकं प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचे अत्याचार खरे होते, ते सोसलेली गावं खरी होती, आणि नंतर मारले गेलेले शेतमजूर, विणकर, छोटे दुकानदार बहुतांशी रझाकार नव्हते. मराठवाड्याच्या शालेय पुस्तकांत पहिली गोष्ट आहे, दुसरी नाही. हा दोष आहे, आणि तो झाकून हैदराबादला यशाचं उदाहरण म्हणून मिरवता येणार नाही.

काराबाखचा शेवट वरवर पाहता फार जवळचा वाटतो. फ्रान्स, रशिया आणि अमेरिका सहअध्यक्ष असलेला मिन्स्क गट १९९२ पासून बोलणी करत होता. २००१ मध्ये फ्लोरिडातल्या की वेस्टला तोडगा हाताशी आल्यासारखा वाटला आणि निसटला. २०२० च्या शरदात ४४ दिवसांचं युद्ध झालं. डिसेंबर २०२२ पासून अझरबैजाननं लाचिनचा एकमेव रस्ता अडवला. १९ सप्टेंबर २०२३ ला हल्ला केला आणि दुसऱ्या दिवशी काराबाख शरण आलं. आधी नाकेबंदी, मग जेमतेम दिवसभराची कारवाई. पण त्यानंतर एका आठवड्याच्या आसपास एक लाखाहून अधिक आर्मेनियन, म्हणजे जवळजवळ सगळी वस्ती, प्रदेश सोडून गेली. काराबाखचे अनेक नेते बाकूच्या तुरुंगात गेले. मिन्स्क गट २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या संमतीनं गुंडाळण्यात आला. भांडण मिटलं, कारण भांडणारे लोकच तिथे उरले नाहीत.

हैदराबादेत तसं झालं नाही, आणि त्याचं श्रेय बळापेक्षा नंतरच्या व्यवहाराला द्यायला हवं. हरलेल्या राजाला दिल्लीनं फाशी दिली नाही, हद्दपार केलं नाही, अपमानही केला नाही. नोव्हेंबर १९४९ मध्ये त्याच्याच फर्मानानं भारताची राज्यघटना हैदराबादला लागू झाली आणि २६ जानेवारी १९५० ला तोच निजाम हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत तो त्या पदावर होता. वर्षाला ५० लाखांचा तनखा ठरला. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या, १९५० च्या कूळ कायद्यानं कसणाऱ्याला हक्क मिळू लागले. हाली शिक्काही एका रात्रीत बाद केला नाही, काही वर्षं दोन्ही नाणी चालली. लायक अली मात्र १९५० च्या मार्चमध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात पोचले आणि रझवी शिक्षा भोगून १९५७ मध्ये तिकडेच गेला.

बळानं मिळालेला मुलूख बळानं चालवता येत नाही, हे त्याच राज्यात लगेच कळलं. लष्करी राजवटीत आणि नंतर मद्रास, मुंबई, मध्य प्रांतातून अधिकारी आणि शिक्षक आले. स्थानिकांच्या नोकऱ्या गेल्या म्हणून १९५२ मध्ये हैदराबादेत मुल्की आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात तरुण मेले. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य भाषावार तीन तुकड्यांत वाटलं गेलं. तेलंगण आंध्राकडे, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याकडे. इथपासून मध्यस्थीचा दुसरा अंक सुरू होतो. त्याच्यावर सिनेमे निघत नाहीत, पण या प्रकरणाच्या दृष्टीनं तोच महत्त्वाचा आहे: मोठ्या घरात आलेल्या लहान भावाचा वाटा कागदावर कसा लिहायचा?

मराठवाडा महाराष्ट्रात ‘बिनशर्त’ आला, हे वाक्य परभणी-हिंगोलीच्या सभांतून अजून ऐकू येतं. भावनेच्या अंगानं ते बरोबर असेल. पण २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख यांच्याबरोबर मराठवाड्याच्या बाजूनं देवीसिंह चौहान यांचीही सही आहे. विकासाचा निधी आणि सरकारी नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे खास लक्ष, तांत्रिक शिक्षणात न्याय्य जागा, असं त्यात आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली.

निजामाच्या राज्याच्या तिन्ही तुकड्या पुढे याच कलमाच्या आसऱ्याला आल्या, हे फारसं कोणी एकत्र सांगत नाही. तेलंगणात १९६९ ला आंदोलन झालं. त्यानंतर नोकऱ्या आणि शिक्षणासाठी ३७१ (ड) आलं, तरी २ जून २०१४ ला तेलंगण वेगळं झालंच. कन्नड भागासाठी ९८ व्या घटनादुरुस्तीनं ३७१ (जे) आलं आणि तिथल्या मुलांना वैद्यकीय, अभियांत्रिकीच्या जागा आणि नोकऱ्यांत आरक्षण मिळालं. मराठवाड्याचं कलम तिघांत सर्वांत जुनं. अंमलाला मात्र सर्वांत जास्त वेळ लागला. १९५६ ते १९९४, म्हणजे ३८ वर्षं, मंडळं स्थापनच झाली नाहीत. मधल्या काळात, १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात, वसमतला पोलिसांनी गोळीबार केला आणि विद्यार्थ्यांचे बळी गेले. गोविंदभाई श्रॉफांसारखे मुक्तिसंग्रामातले लोक म्हातारपणी पुन्हा रस्त्यावर आले. वि. म. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये विभागवार अनुशेष मोजून दाखवला. तेव्हा कुठे सरकारला आकडे मान्य करावे लागले.

सोव्हिएत मुलखात वाटणी लिहून भांडण सोडवल्याची दोन उदाहरणं नेहमी दिली जातात. पहिलं गागाउझियाचं. मोल्दोवाच्या संसदेनं २३ डिसेंबर १९९४ ला खास कायदा करून या दीड लाखाच्या आसपास वस्तीच्या समाजाला स्वायत्तता दिली. ज्या गावांत गागाउझ निम्म्याहून जास्त, ती आपोआप आत. बाकीच्यांनी मतदान करून ठरवायचं. म्हणून हा प्रदेश सलग नाही, तुकड्यातुकड्यांत आहे. स्वतःची विधानसभा, ‘बाश्कान’ नावाचा निवडलेला प्रमुख, आणि गागाउझ, मोल्दोवन, रशियन या तीन राजभाषा. मोल्दोवा उद्या रुमानियात विलीन झाला तर वेगळं व्हायचा हक्कही कायद्यात लिहून ठेवला. युद्ध टळलं, हे निर्विवाद. पण पैसा आणि न्यायालयं राजधानी किशिनाऊच्या हातात राहिल्यानं कुरबुर कधी थांबली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये बाश्कान येवगेनिया गुत्सुल यांना बेकायदा निधीच्या प्रकरणात सात वर्षांची शिक्षा झाली.

दुसरं तातारस्तानचं. मार्च १९९२ च्या सार्वमतात तिथल्या मतदारांनी सार्वभौमत्वाला कौल दिला. मॉस्कोनं तिथे फौज पाठवली नाही, दोन वर्षं घासाघीस केली आणि १५ फेब्रुवारी १९९४ ला करार केला. तेल आणि करांच्या उत्पन्नात तातारस्तानला मोठा वाटा मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरात मॉस्कोनं चेचन्यात रणगाडे घातले. तिथलं पुढचं जगाला ठाऊक आहे. तातारस्तानचा करार मात्र २००७ मध्ये नव्यानं झाला तेव्हा त्याला दहा वर्षांची मुदत घातली गेली. २०१७ मध्ये ती संपली, आणि क्रेमलिननं करार पुन्हा केलाच नाही. कोणी आरडाओरडा करू शकलं नाही.

मराठवाड्याच्या विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, करोनाच्या धामधुमीत. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मंडळं पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला. मंडळाची मुदत अशी संपल्याचं हिंगोलीला विशेष दुःख असायला हवं, कारण जिल्ह्याचा सिंचनाचा अनुशेष हा मंडळाच्या कागदांत सातत्यानं येत राहिलेला विषय. पूर्णेवरचं सिद्धेश्वर धरण औंढा तालुक्यात, पैनगंगेवरचं इसापूर कळमनुरीच्या सीमेला, आणि जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं सोयाबीन अजून आभाळाच्या भरवशावर.

निजामाचे कागद मात्र अजून जिवंत आहेत. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती २०२३ मध्ये जुन्या हैदराबादी दप्तरांपर्यंत गेली, आणि २ सप्टेंबर २०२५ ला ‘हैदराबाद गॅझेट’ आधारभूत मानणारा शासन निर्णय निघाला. ज्या राज्याच्या दप्तरासाठी लोक मुंबईच्या आझाद मैदानावर बसतात, त्याच लोकांनी नागपूर कराराचा आणि कलम ३७१ (२) चा मजकूरही एकदा मागवून वाचावा. करार फार मोठा नाही, मराठीत सहज मिळतो, आणि हिंगोलीच्या आमदार-खासदारांना विचारण्याजोगे प्रश्न त्यात तयारच लिहिलेले आहेत.